मेरोपेनेमचा झोन २१ मिलिमीटर आला, आता पुढं काय? लहान लॅबसाठी ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचा रेझिस्टन्स ओळखण्याची रीत

लघवीचा नमुना, क्लेबसिएला न्यूमोनिए. सेफ्ट्रायक्झोनच्या डिस्कला (औषध भिजवलेली कागदी चकती) खेटून वाढ, सेफ्टॅझिडिमचंही तेच. मेरोपेनेम या कार्बापेनेम गटातल्या अँटिबायोटिकभोवती मात्र झोन आहे, म्हणजे जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ. व्हर्नियर लावला तर २१ मिलिमीटर. वॉर्डातून फोन येऊन गेलाय: "मेरो चालेल का, एवढंच सांगा."

मी शिकाऊ होतो तेव्हा याचं उत्तर फार सोपं होतं. भिंतीवर सेलोटेपनं डकवलेला, कडा तपकिरी झालेला एक तक्ता होता. मेरोपेनेमच्या ओळीत लिहिलेलं: १६ किंवा जास्त, एस (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध चालेल). म्हणजे २१ आरामात पास. रिपोर्टवर 'एस' मारायचा आणि डबा खायला जायचं. तो तक्ता कधीचाच शिळा झालाय हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. ई. कोलाय-क्लेबसिएलाच्या कुळासाठी सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेनं कार्बापेनेमच्या मर्यादा २०१० मध्येच बदलल्या होत्या. इमिपेनेम आणि मेरोपेनेमला २३ पासून पुढं एस, २० ते २२ आय (मधला), १९ आणि त्याखाली आर (रेझिस्टंट). आमचा २१ पासही नव्हता आणि नापासही नव्हता. तो जंतू औषधाचा चोरून फडशा पाडतोय का, हे तपासायला हवं होतं आणि आम्ही ते तपासत नव्हतो.

हा लेख पीसीआर (जनुक ओळखणारी चाचणी) नसलेल्या, इन्क्युबेटर, ऑटोक्लेव्ह आणि एक धड फ्रीज असलेल्या लॅबसाठी आहे. झोनचा आकडा मिळाला की काम संपलं असं समजू नका. त्या आकड्यामागची यंत्रणा शोधायला पुष्कळदा दोन मिली ब्रॉथ आणि एक जादा डिस्क पुरते.

आधी भिंतीकडे बघा

सीएलएसआयचा एम १०० दस्तऐवज दरवर्षी सुधारून निघतो, युकास्ट या युरोपीय समितीचे तक्तेही दरवर्षी येतात. दोन्ही इंटरनेटवर फुकट वाचता येतात, त्यामुळे सबब नाही. ॲमिकॅसिनचं उदाहरण घ्या. पूर्वी १७ मिलिमीटरला एस मिळायचा. २०२३ पासून सीएलएसआयमध्ये एससाठी २० लागतात आणि १७ ते १९ म्हणजे आय. तीच प्लेट, तोच झोन, उत्तर वेगळं.

दोन्ही पद्धतींची खिचडी मात्र करू नका. युकास्टमध्ये 'आय'चा अर्थ २०१९ पासून 'डोस वाढवला तर चालेल' असा आहे, सीएलएसआयचा 'आय' वेगळा. काही डिस्कमधलं औषधाचं प्रमाणही दोन्हींत निराळं असतं. युकास्टच्या मर्यादा आणि सीएलएसआयच्या डिस्क असा संसार मी पाहिलेला आहे. त्यातून निघणाऱ्या रिपोर्टला काडीचा अर्थ नसतो.

प्लेट: चार मिलिमीटरचं राजकारण

म्युलर-हिंटन अगार लिटरला ३८ ग्रॅम. ऑटोक्लेव्ह झाल्यावर, थंड झाल्यावर पीएच ७.२ ते ७.४. जाडी ४ मिलिमीटर. ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये त्यासाठी २५ मिलीच्या आसपास अगार लागतो. सगळ्यात जास्त काटकसर इथंच होते, कारण वीस मिली ओतलं तरी प्लेट भरलेली दिसते. पातळ प्लेटवर झोन फुगतो आणि जाड प्लेटवर आक्रसतो. आमच्याकडे दर बॅचमधली एक प्लेट बळी देतो: मधोमध सुरीनं काप घेऊन कडेनं पट्टी लावायची. ओट्याची पातळी बिघडली असेल तर एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला तीन मिलिमीटर निघतात. मग दोष अगारचा नसतो, ओट्याखाली पाचर हवी असते.

पीएच उतरला की जेंटामायसिन-ॲमिकॅसिनचे झोन लहान येतात. स्युडोमोनासवर हीच औषधं कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या अगारवर कमकुवत दिसतात. पावडरची नवी बाटली उघडली की क्यूसी (माहितीतला जंतू लावून तपासणी) करून मगच वापरात आणा.

मॅक्फारलंड आणि लॉन

१८ ते २४ तासांच्या ताज्या प्लेटवरून एकसारख्या तीन-चार कॉलनी उचलून सलाइनमध्ये मिसळा आणि ०.५ मॅक्फारलंड या गढूळपणाच्या मापाशी जुळवा. म्हणजे मिलीला साधारण १ ते २ गुणिले १० चा ८ वा घात इतके जंतू. स्टँडर्ड घरी करायचं असेल तर १ टक्का सल्फ्युरिक ॲसिड ९९.५ मिली आणि १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.५ मिली. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ६२५ नॅनोमीटरला ०.०८ ते ०.१३ यायला हवं.

माझी फजिती इथं झालीय. बेरियमची नळी खिडकीशी ठेवलेली, तळाला गोळे धरलेले. हलवली तरी ते गोळे फुटत नव्हते, त्यामुळे स्टँडर्डच पातळ दिसायचं आणि आमचं इनॉक्युलमही (प्लेटवर पसरायचं जंतूंचं द्रावण) तेवढंच पातळ व्हायचं. दोन आठवडे सगळे झोन दोन-तीन मिलिमीटर मोठे येत होते आणि 'यंदा सेन्सिटिव्हिटी सुधारलीय' म्हणून आम्ही खूश. क्यूसीचा जंतू लावला तेव्हा बिंग फुटलं. नळी अंधारात ठेवा, प्रत्येक वेळी व्हॉर्टेक्स करा, गोळे दिसले की फेकून द्या. तुलना करताना मागं काळ्या रेघांचं पांढरं कार्ड धरा. रेघा दोन्ही नळ्यांतून सारख्याच अंधूक दिसल्या पाहिजेत.

जुळवलेलं इनॉक्युलम पंधरा मिनिटांत वापरा. स्वॅब बुडवून नळीच्या आतल्या भिंतीवर दाबून पिळा, मग प्लेटवर तीन दिशांनी, दर वेळी ६० अंश फिरवून, शेवटी कडेनं एक फेरी. स्वॅब पिळला नाही तर लॉन (प्लेटभर पसरलेला जंतूंचा थर) चिखलासारखं होतं. डिस्क पंधरा मिनिटांच्या आत लावायच्या, एका केंद्रापासून दुसऱ्या केंद्रापर्यंत निदान २४ मिलिमीटर अंतर. छोट्या प्लेटवर पाचपेक्षा जास्त नकोत. एकदा टेकलेली डिस्क सरकवू नका. औषध टेकताक्षणी झिरपायला लागतं. ३५ अंशांना, साध्या हवेत, १६ ते १८ तास. प्लेटा पाचांपेक्षा उंच रचू नका, मधल्या तापत नाहीत.

डिस्कांचा साठा उणे २० वर, रोजच्या वापरातल्या २ ते ८ अंशांत, सिलिका जेलसकट. फ्रीजबाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत डबी उघडायची नाही, नाहीतर आत पाणी धरतं. इमिपेनेम आणि क्लाव्ह्युलॅनेट असलेल्या डिस्क पहिल्यांदा मरतात. पावसाळ्यात लाइट जाणाऱ्या गावांत या वाक्याखाली रेघ मारून ठेवा.

क्यूसीचे जंतू

पाच पाळून ठेवले की बरंचसं भागतं. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (एटीसीसी म्हणजे प्रमाणित जंतूंचा अमेरिकी संग्रह) हा रोजचा. स्युडोमोनाससाठी एटीसीसी २७८५३. ईएसबीएलसाठी (सेफ्ट्रायक्झोनसारखी औषधं फोडणारी एन्झाइम) क्लेबसिएला एटीसीसी ७००६०३. कार्बापेनेमेजसाठी (मेरोपेनेमसारखी औषधं फोडणारी एन्झाइम; केपीसी, एनडीएम हे त्यांचे प्रकार) केपीसी असलेला बीएए-१७०५ आणि एनडीएम असलेला बीएए-२१४६. २५९२२ वर जेंटामायसिन १९ ते २६, सेफ्टॅझिडिम २५ ते ३२, सेफोटॅक्सिम २९ ते ३५ मिलिमीटर यायला हवं. आकडा बाहेर गेला तर त्या दिवसाचे त्या औषधाचे रिपोर्ट थांबवायचे. 'उद्या बघू' म्हणायचं नाही.

झोन मोजताना

झाकण काढू नका. प्लेट उलटी करून काळ्या पृष्ठभागावर धरा, प्रकाश वरून पडू द्या आणि नुसत्या डोळ्यांनी जिथं वाढ थांबलेली दिसते तिथपर्यंत मोजा. प्रोटियसचा पसरलेला तवंग झोनमध्ये शिरला असेल तर तो सोडून मूळ कड धरायची. कोट्रायमॉक्साझोलला कडेची पुसट वाढ सोडून द्यायची. पण झोनच्या आत सुट्या, ठसठशीत कॉलनी असतील तर त्या सोडायच्या नाहीत. त्या उचलून पुन्हा पसरवा. मिसळलेला जंतू निघाला तर नमुना पुन्हा लावायचा. तोच जंतू निघाला तर त्या पोटातल्या रेझिस्टंट पिल्लांचा झोन हाच खरा झोन.

रिपोर्ट लिहिण्याआधी एकदा निसर्गाशीही ताळा करा. क्लेबसिएलाला ॲम्पिसिलिन जन्मतःच लागू पडत नाही. प्रोटियस मिराबिलिसला नायट्रोफ्युरँटॉइन आणि कोलिस्टिन नाही. स्युडोमोनास आणि ॲसिनेटोबॅक्टरला एर्टापेनेम नाही. 'क्लेबसिएला, ॲम्पिसिलिन एस' असं दिसलं तर झोनवर शंका नंतर घ्या, आधी बायोकेमिकल पुन्हा लावा. बहुतेक वेळा ओळखच चुकलेली असते.

ईएसबीएल: थोडक्यात

आपल्या नमुन्यात सेफ्ट्रायक्झोन आणि सेफ्टॅझिडिम दोन्ही गेलेत. पहिला संशय ईएसबीएलचा. ई. कोलाय, क्लेबसिएला आणि प्रोटियस मिराबिलिसमध्ये सेफोटॅक्सिमचा झोन २७ किंवा कमी, सेफ्टॅझिडिमचा २२ किंवा कमी, (प्रोटियस सोडून) सेफ्ट्रायक्झोनचा २५ किंवा कमी आला की चाळणीत अडकला. खात्रीसाठी सेफ्टॅझिडिम ३० मायक्रोग्रॅम आणि तिच्याशेजारी सेफ्टॅझिडिम-क्लाव्ह्युलॅनेट ३०/१०, तसंच सेफोटॅक्सिम आणि सेफोटॅक्सिम-क्लाव्ह्युलॅनेट. क्लाव्ह्युलॅनेट ईएसबीएलला दाबतं, म्हणून कोणत्याही एका जोडीत क्लाव्ह्युलॅनेटवाला झोन ५ मिलिमीटर किंवा जास्त वाढला की ईएसबीएल पक्कं.

खरं सांगायचं तर नव्या मर्यादा वापरणाऱ्या लॅबला उपचारासाठी ही चाचणी सक्तीची राहिलेली नाही. सेफ्ट्रायक्झोन आर आहे एवढं डॉक्टरांना पुरतं. इन्फेक्शन कंट्रोलला आकडे हवे असतात म्हणून आम्ही करतो.

एक फसवणूक तेवढी लक्षात ठेवा. जंतूकडे ईएसबीएलसोबत ॲम्पसी एन्झाइमही असेल तर क्लाव्ह्युलॅनेट त्याला दाबू शकत नाही आणि चाचणी खोटीच निगेटिव्ह येते. सेफॉक्सिटिनचा झोन लहान दिसला की ॲम्पसीचा विचार करा. एन्टेरोबॅक्टर क्लोआके आणि सिट्रोबॅक्टर फ्रॉइंडीच्या अंगातच ॲम्पसी दडलेलं असतं. पहिल्या दिवशी सेफ्ट्रायक्झोन एस आणि उपचार चालू असताना आर, असा खेळ तेच करतात.

मुख्य काम: एमसिम

आता २१ मिलिमीटरचा निकाल लावू. पूर्वी यासाठी मॉडिफाइड हॉज चाचणी होती, पानाच्या आकाराची खाच शोधायची. एनडीएमला ती धड पकडायची नाही आणि आपल्याकडे एनडीएमचाच सुळसुळाट. सीएलएसआयनं २०१८ मध्ये ती काढून टाकली. अजून कुठं चालू असेल तर बंद करा. फिनॉल रेडचा रंग बदलणारी कार्बा एनपी ही झटपट चाचणी आहे, दोन तासांत उत्तर, पण तिची द्रावणं ताजी लागतात आणि ओक्सा-४८ हे कार्बापेनेमेज तिच्या हातून निसटतं. मी एमसिमच्या बाजूचा आहे. स्वस्त, सोपी, आणि निकाल वाचताना वाद होत नाहीत.

युक्ती अशी. संशयित जंतूच्या दाट रश्शात मेरोपेनेमची डिस्क चार तास बुडवायची. जंतूकडे कार्बापेनेमेज असेल तर तो डिस्कमधलं औषध खाऊन टाकतो. मग ती डिस्क ज्याला मेरोपेनेम नक्की मारतं अशा बिचाऱ्या २५९२२ च्या लॉनवर ठेवायची. औषध उरलं असेल तर झोन पडेल, संपलं असेल तर २५९२२ डिस्कला टेकून वाढेल.

नळीत २ मिली ट्रिप्टिक सॉय ब्रॉथ घ्या. ब्लड अगारवर रात्रभर वाढलेल्या जंतूचा १ मायक्रोलिटरचा एक भरलेला लूप त्यात. स्युडोमोनास असेल तर १० मायक्रोलिटरचा. लूपचा हा फरक विसरल्यामुळे स्युडोमोनासचे निकाल खोटे निगेटिव्ह येतात. दहा-पंधरा सेकंद व्हॉर्टेक्स. निर्जंतुक चिमट्यानं १० मायक्रोग्रॅमची मेरोपेनेम डिस्क टाका आणि ती तळाशी पूर्ण बुडाली का ते बघा, वर तरंगणारी किंवा भिंतीला चिकटलेली चालणार नाही. ३५ अंशांना ४ तास, पंधरा मिनिटं इकडंतिकडं चालतात. सकाळी दहाला टाकलं तर दुपारी दोनला काढायचं, म्हणजे पाळी बदलण्याआधी उरकतं.

चार तास व्हायला पंधरा मिनिटं असताना २५९२२ चं ०.५ मॅक्फारलंड करून म्युलर-हिंटनवर नेहमीसारखं लॉन करा. मग हाताचं कसब. १० मायक्रोलिटरचा लूप डिस्कखाली सरकवून ती वर ओढा, नळीच्या भिंतीवर दाबून आतला रस निथळू द्या, मग लूपनंच अलगद उचलून लॉनवर ठेवा. निथळू न देता ठेवलेल्या डिस्कखाली डबकं होतं, डिस्क घसरते आणि झोन अंड्यासारखा येतो. नवख्यांच्या पहिल्या दहा प्लेटा अशाच असतात. ३५ अंशांना १८ ते २४ तास.

वाचन: ६ ते १५ मिलिमीटर म्हणजे पॉझिटिव्ह. सहा हा डिस्कचा स्वतःचा व्यास, म्हणजे झोनच नाही. १६ ते १८ च्या झोनमध्ये टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनी विखुरलेल्या दिसल्या तरी पॉझिटिव्हच. स्वच्छ १९ आणि पुढं निगेटिव्ह. कॉलनीविना १६ ते १८, किंवा १९ च्या पुढं पण आत कॉलनी, म्हणजे अनिश्चित. पुन्हा लावा. सोबत बीएए-१७०५ पॉझिटिव्ह आणि बीएए-१७०६ निगेटिव्ह म्हणून दर वेळी.

ॲसिनेटोबॅक्टरला एमसिम लावू नका, ती त्याच्यासाठी नाही. आणि स्युडोमोनासमध्ये नुसतं इमिपेनेम गेलेलं पण एमसिम निगेटिव्ह असेल तर गोंधळू नका. तो बहुधा भिंतीतलं ओप्रडी नावाचं दार बंद करून बसलेला असतो, एन्झाइम नसतंच. क्लेबसिएलातही ईएसबीएल किंवा ॲम्पसी आणि जोडीला बंद दारं असली की एर्टापेनेम आधी जातं आणि एमसिम निगेटिव्ह येते.

त्याच दिवशी, त्याच रॅकमध्ये: ईसिम

कार्बापेनेमेज आहे हे कळलं, पण कुठलं? केपीसी आणि ओक्सा-४८ ही सेरीनवाली, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी ही झिंकवर चालणारी, म्हणजे मेटॅलो. झिंक काढून घेतला की दुसरी टोळी लुळी पडते, आणि झिंक ओढून घ्यायचं काम ईडीटीए करतं.

एमसिमच्या शेजारी तशीच दुसरी नळी. फरक एवढाच की तिच्या २ मिली ब्रॉथमध्ये ०.५ मोलर ईडीटीएचे २० मायक्रोलिटर. बाकी सगळं तेच, दोन्ही डिस्क एकाच प्लेटवर. ०.५ मोलरसाठी डायसोडियम ईडीटीए १८.६ ग्रॅम १०० मिलीत. पावडर विरघळत नाही म्हणून गरम करत बसू नका, सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच ८ कडे न्या, मग आपोआप स्वच्छ होतं. माझा यात एक पूर्ण दुपार गेलेला अनुभव आहे.

ईडीटीएवाला झोन एमसिमपेक्षा ५ मिलिमीटर किंवा जास्त मोठा आला तर मेटॅलो. फरक ४ किंवा कमी असेल तर सेरीन. एमसिम निगेटिव्ह असेल तर ईसिम वाचायचीच नाही. आणि ईसिम फक्त ई. कोलाय-क्लेबसिएलाच्या कुळासाठी, स्युडोमोनासला नाही.

आपल्या भूगोलाचा प्रश्न

एनडीएम-१ चं पहिलं वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. तो जंतू २००८ मध्ये दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या रुग्णात सापडला होता. एन्झाइमला नवी दिल्लीचं नाव दिलं म्हणून २०१० मध्ये केवढा गदारोळ उठला होता. त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपले आकडे छापले: कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१. नावाचं भांडण बाजूला ठेवलं तरी ते २२ आपल्या दारातले होते.

अमेरिकन पुस्तकात केपीसीवर पानंच्या पानं असतात. आपल्याकडे केपीसी क्वचित, एनडीएम आणि ओक्सा-४८ च्या कुळातली ओक्सा-१८१, ओक्सा-२३२ ही नेहमीची. आणि पुष्कळदा दोन्ही एकाच जंतूत. अशा वेळी ईसिम फसते. ईडीटीएनं एनडीएमला लुळं केलं तरी ओक्सा मेरोपेनेम खातच राहतं, झोन वाढत नाही, आणि तुम्ही 'सेरीन' लिहून मोकळे होता. म्हणून ईसिम पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवा, न आली तर थांबा.

थांबून काय करायचं? सेफ्टॅझिडिम-ॲव्हिबॅक्टमची ३०/२० ची डिस्क लावा. २१ पासून पुढं एस, २० आणि खाली आर. ॲव्हिबॅक्टम ओक्सा-४८ ला आणि केपीसीला आवरतं, एनडीएमला आवरत नाही. त्यामुळे एमसिम ६, ईसिम ६ आणि ही डिस्क सपशेल आर आली तर आत एनडीएम लपलंय असं धरून चाला. ओक्सा एकटंच असेल तर झोन बहुधा छान मोकळा पडतो. एनडीएमला ॲझट्रिओनाम फोडता येत नाही, पण सोबतचं ईएसबीएल ते फोडतं. ॲव्हिबॅक्टम त्या ईएसबीएलला आवरतं, म्हणूनच डॉक्टर सेफ्टॅझिडिम-ॲव्हिबॅक्टम आणि ॲझट्रिओनाम एकत्र देतात. मेटॅलो की सेरीन हे कळल्यावर औषधच बदलतं.

आमच्या क्लेबसिएलाचं असं निघालं: एमसिम ६, ईसिम ६, सेफ्टॅझिडिम-ॲव्हिबॅक्टम २४. ओक्सा-४८ च्या कुळातलं काहीतरी, जोडीला ईएसबीएल. मेरोपेनेमचा तो मधलाच २१ याच्याशी जुळतो. ओक्सा-४८ मेरोपेनेमला सावकाश चावतं, त्यामुळे झोन नेहमी सपाट होत नाही. युकास्ट तर मेरोपेनेमचा झोन २८ पेक्षा कमी आला की कार्बापेनेमेज शोधायला सांगतं. एर्टापेनेमची डिस्कही रोजच्या पॅनेलमध्ये ठेवा, ओक्साची चुणूक तिथं आधी लागते.

कोलिस्टिन: डिस्क प्लेटवर ठेवू नका

वॉर्डाचा पुढचा प्रश्न ठरलेला, "मग कोलिस्टिन?" कोलिस्टिनचा रेणू बोजड, अगारमधून नीट झिरपतच नाही. झोन सगळ्यांचे सारखेच ठेंगणे, त्यावरून एस-आर ठरवणं म्हणजे चिठ्ठ्या टाकणं. ई-टेस्टच्या पट्ट्याही भरवशाच्या नाहीत. खरी पद्धत ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन. ती जमत नसेल तर डिस्क एल्यूशन, तीच डिस्क पण ब्रॉथमध्ये.

काचेच्या चार नळ्या, प्रत्येकीत १० मिली कॅटायन-ॲडजस्टेड म्युलर-हिंटन ब्रॉथ. पहिलीत काही नाही, दुसरीत १० मायक्रोग्रॅमची एक कोलिस्टिन डिस्क, तिसरीत दोन, चौथीत चार. म्हणजे मिलीला ०, १, २ आणि ४ मायक्रोग्रॅम. औषध उतरायला अर्धा तास बाहेरच ठेवा. मग ०.५ मॅक्फारलंडचे ५० मायक्रोलिटर प्रत्येकीत, हलकेच हलवा, ३५ अंशांना १६ ते २० तास. पहिली नळी गढूळ व्हायलाच हवी. जिथं वाढ नाही अशी सगळ्यात कमी औषधाची नळी म्हणजे एमआयसी. ४ किंवा जास्त आर. २ किंवा कमी असेल तर सीएलएसआयमध्ये ते 'आय'. कोलिस्टिनसाठी तिथं २०२० पासून 'एस' हा शिक्काच नाही, आणि तुमच्या रिपोर्टवरही तो दिसता कामा नये. ही रीतही ॲसिनेटोबॅक्टरसाठी नाही. १ मध्ये वाढ नाही पण २ मध्ये आहे, असं उलटंसुलटं दिसलं तर सरळ पुन्हा लावा.

प्रोटियस, सेराशिया, मॉर्गनेला, प्रोव्हिडेन्सियाला कोलिस्टिन लावूच नका, ते जन्माचेच रेझिस्टंट. कोंबड्यांना आणि जनावरांना वाढीसाठी कोलिस्टिन देण्यावर भारतात जुलै २०१९ मध्ये बंदी आली. २०१५ मध्ये चीनमधून एमसीआर-१ हे कोलिस्टिनला रेझिस्टन्स देणारं, प्लाझमिडवरून (डीएनएचं सुटं कडं) एका जंतूतून दुसऱ्यात उड्या मारणारं जनुक समोर आल्यावर हे व्हायचंच होतं.

रिपोर्ट आणि फोन

आकडा आहे तसाच लिहा: मेरोपेनेम २१, आय. त्याखाली ठळक: 'कार्बापेनेमेज आढळले, ओक्सा-४८ सारखे असण्याची शक्यता, जनुकीय खात्री बाकी.' हे नुसतं छापून पाठवू नका, फोन करा. कार्बापेनेमेज असेल तर झोन एसमध्ये असला तरी मेरोपेनेम टाळावं, असं आयडीएसए या अमेरिकी संसर्गतज्ज्ञांच्या संस्थेच्या सूचना सांगतात, आणि ही ओळ ड्युटीवरच्या डॉक्टरांपर्यंत पोचण्याआधी रिपोर्ट फाइलमध्ये बुडतो. दुसरा फोन इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरना. खाट वेगळी करायची असेल तर आजच. कॅथेटर, बेडपॅन, हात, याच वाटांनी तो शेजारच्या खाटेवर जातो.

सगळं उरकल्यावर वापरलेल्या प्लेटा आणि नळ्या १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह करायच्या, सिंकमध्ये ओतायच्या नाहीत. पण जंतू फेकायचा नाही. १५ ते २० टक्के ग्लिसरॉल घातलेल्या ट्रिप्टिक सॉय ब्रॉथमध्ये चांगला दाट मिसळून दोन कुप्या भरा. उणे ७० असेल तर उत्तम, नसेल तर उणे २० वरही काही महिने तग धरतो. एक कुपी पीसीआर असलेल्या मोठ्या लॅबला धाडायची, एक आपल्याकडे. एटीसीसीचा नवा जंतू यायला वेळ लागला तर तोवर नवख्यांना हात बसवायला अशीच कुपी कामी येते.

आमच्या फ्रीजरमध्ये त्या २१ मिलिमीटरवाल्याची कुपी वरच्या खणात आहे. झाकणावर मार्करनं 'ओक्सा?' लिहिलंय, प्रश्नचिन्हासकट. पीसीआरचं उत्तर आलं की ते खोडायचं.